सॉर्ट म्हटल्यावर

“पाव्हण्यायच्या पोट्ट्यायलेबी दप्तर द्या, सर. कोणाचंबी द्या,” भाताच्या गंजावर झाकण आपटत कुंताबाई म्हणाली. “रिकाम्या हातानं बसले तं साह्यबाले समजन नाई का?”

“बाई, मले हे पटून नाई राह्यलं,” स्वप्निल सर म्हणाले. ते शाळेचे एकुलते एक शिक्षक.

“तुमाले कोन इचारलं जी? तुमी शिकवा. बाकीचं गाव पाह्यते.”

खैरीटोलीच्या शाळेत आठ मुलं होती. कमी पटाच्या शाळा बंद करून मुलं एका मोठ्या शाळेत गोळा करायची, असं ठरलं होतं. त्याला ‘क्लस्टर’ म्हणत. आठचे वीस झाले तर शाळा वाचणार होती. तपासणीला साहेब यायचे होते, आणि नेमकी त्याच दिवशी गावची मंडई होती.

धान निघाल्यावर सिंदेवाहीकडच्या प्रत्येक गावाची मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक. लेकी, जावई, सोयरे सगळे मुक्कामाला येतात. कुंताबाईची लेक जया कुरखेड्याहून दोन लेकरं घेऊन आली होती. शाळा समितीच्या गुणवंतरावांनी तोड काढली की पाहुण्यांची मुलंही वर्गात बसवायची. यात गावात कोणाला खोटं वाटलं नाही. मंडईच्या दिवसांत पाहुण्याचं लेकरू घरचंच असतं. त्याला जेवायला घालतात आणि चुकलं तर चापटही मारतात.

कुंताबाई शाळेत खिचडी शिजवायची. तिचा मुलगा आणि सून मिरची तोडायला तेलंगणात गेले होते आणि दुसरीतली नात रिंकू तिच्या हवाली होती. मोठी शाळा जंगलापलीकडे, डांबरी रस्त्यावरच्या गावात होती. त्याच वाटेवर गेल्या पावसाळ्यात सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या, वेचायला गेलेल्या गावातल्या मुखरूला वाघानं नेलं. गावानं त्याचं जे काही सापडलं ते चादरीत बांधून आणलं होतं.

साहेब आले. वर्ग भरलेला पाहून त्यांनी भुवया उंचावल्या.

“इंग्रजी येतं का रे?”

“येते!” आठ जण ओरडले. उरलेले त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले.

सर इंग्रजी शब्द अंगणात शिकवत. ‘कलेक्ट’ म्हटलं की मुलांनी चिंचोके, पानं, खडे गोळा करायचे. ‘सॉर्ट’ म्हटलं की ढीग वेगळे करायचे. ‘पेअर’ म्हणजे जोडी, ‘ग्रुप’ म्हणजे गट. पुढे मुलंच चिंचोके झाली. ‘कलेक्ट’ म्हटलं की सगळी कडुलिंबाखाली धावत, आणि ‘सॉर्ट’ म्हणून सर जे सांगतील, रंग, उंची, इयत्ता, त्याप्रमाणे वेगळी उभी राहत. आठवड्याभरात रिंकू या खेळाची मुकादम झाली होती. चुकीच्या ढिगात उभ्या पोराला ती कॉलर धरून योग्य ढिगात नेत असे.

सरांनी दाखवलेला हा खेळ साहेबांना आवडला. ते स्वतःच अंगणात उतरले.

“कलेक्ट!”

तीसेक मुलं कडुलिंबाखाली आली.

“सॉर्ट!”

“कशानं, सर?” रिंकूनं विचारलं.

साहेबांनी क्षणभर त्या गर्दीकडे पाहिलं.

“गावानं,” ते म्हणाले.

कुंताबाईच्या हातातला झारा तसाच राहिला. रिंकू कामाला लागली होती.

“तू कुरखेड्याचा ना? तिकडं. अन् तूबी त्याच्यासंग. हे नागभीडवाले, इकडं या. ए, तू काऊन इथी उभा? तुह्या बापाचं गाव सिंदेवाही. तिकडं हो!”

एकही चूक न करता तिनं सगळे ढीग लावले आणि शेवटी स्वतः झेंड्याच्या खांबापाशी जाऊन उभी राहिली. तिच्यासकट तिथं आठ मुलं होती.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. “व्हेरी गुड. कन्सेप्ट अगदी क्लियर आहे.” मग सरांकडे वळून म्हणाले, “आठ.”

कुंताबाई पदर खोचत चुलीपासून उठली.

“साह्यब, हे सारेच आमचे पोट्टे हायेत.”

“बाई, मी समजू शकतो. पण ॲग्रिगेट केल्याशिवाय क्वालिटी येत नाही. तिकडे रिसोर्सेस पूल होतील, मुलांना पिअर ग्रुप मिळेल.”

“मराठीत सांगा.”

“मुलांना एकत्र आणतोय आम्ही. त्यांच्याच भल्यासाठी.”

“एकत्र तं इथीबी होते. तुमीच आता येगयेगये केले. वाटेत वाघ हाय, मालूम हाय का तुमाले?”

“गाडी मंजूर होईल. तोपर्यंत पालकांनी ग्रुपनं सोडायचं.”

“तुमची पोरगी आना. एक डाव तिलेबी त्या ग्रुपात घालून पाह्यू.”

“कुंताबाई,” गुणवंतराव मध्ये पडले, “साह्यबाशी असं बोलत नसतेत.”

“तुमी चूप बसा जी! मुखरूची चादर उचलाले चौघं पायजेत होते, तवा तुमी मोबाईलवर बोलत नाल्यापलीकडं उभे होते. आता आले शिकवाले!”

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

“जेवून जा,” कुंताबाई म्हणाली. “मंडईचा पाव्हना या गावातून उपाशी जात नाई. मंग तो कोनीबी असो.”

साहेब जेवले नाहीत. त्यांना त्याच दिवशी आणखी शाळा मोजायच्या होत्या.

संध्याकाळी रिंकू चुलीपाशी येऊन बसली. सर दुपारपासून गप्प होते आणि जयाआत्याही बोलत नव्हती, हे तिच्या लक्षात आलं होतं.

“आजी, माह्यं चुकलं का?”

कुंताबाईचा हात उठला होता. तो तिनं तसाच पुढे नेऊन चुलीतलं लाकूड आत सारलं.

“नाई. बरोबर केलं तू.”

महिन्याभरात शाळेला कुलूप लागलं. सरांची बदली झाली. कुंताबाईचं काम गेलं. गाडी मंजूर झाली, असं कागदावर होतं. गावाच्या वाटेवर ती कधी दिसली नाही.

आठ मुलांना मोठ्या शाळेत पोचवायला कुंताबाई जाऊ लागली. दुसरं कोण जाणार? सकाळी सरपणाला निघालेल्या बाया सोबत असत. सगळ्या मोठ्यानं बोलत, हसत, उगाच भांडत चालत. बाया परतीला वेगळ्या वाटेनं जात. एकट्या बाईनं जंगलातून मागं फिरणं म्हणजे मुखरूच्या मागं जाणं. संध्याकाळी मुलांना घरी आणायचंच होतं. म्हणून ती शाळा सुटेपर्यंत फाटकापाशी बसून राही.

चौथ्या दिवशी शिपाई बाहेर आला.

“बाई, इथी बसता येत नाई. मोठे सर रागावून राह्यले. पालकायनं सोडून निंगून जावं म्हंते.”

“कोनत्या वाटेनं जाऊ? तू येतं पोचवाले?”

शिपायानं डोकं खाजवलं. “तुमी पालक कोनाच्या? काय सांगू सरायले?”

“आठायची.”

“आठ?”

“हाव. आठायची. अन् उठत नाई म्हना.”

शिपाई आत गेला. कुंताबाईनं चप्पल काढून अंगाखाली घेतली, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि जंगलाकडे तोंड करून बसली. मागच्या इमारतीत हजेरी सुरू झाली. नावं घेतली जात होती, मुलं ‘यस सर’ म्हणत होती. खैरीटोलीचं एकेक नाव आलं की ती मान न वळवता एक बोट मिटत होती.