सिद्ध मोजा आणि हौशीरामभाऊंच्या चपला

माणसाचा उद्धार त्याच्या पोटरीतून होतो, हे सनातन सत्य जगाला प्रथम वलवणच्या धरणाजवळ एका मंगल कार्यालयात समजलं. तेच कार्यालय निवडण्याचं कारण एवढंच, की तिथे पार्किंग आहे.

दर रविवारी स्वामी चरणानंद तिथे येत. एरवी भक्त महाराजांच्या पाया पडतात. इथे सगळं उलटं. महाराज भक्ताच्या पायाशी बसत, त्याची एकेक पोटरी दोन्ही हातांत धरत, तिला कपाळ लावत आणि मग तिच्यावर ‘सिद्ध मोजा’ चढवत. मोजा काळा, गुडघ्यापर्यंतचा आणि इतका घट्ट, की तो ओढताना महाराजांच्या तोंडून मंत्राखेरीज आणखीही काही आवाज निघत. एकदा महाराज आपल्या पाया पडले की माणूस संपला. मग त्याला नाही म्हणता येत नाही आणि दक्षिणेत घासाघीस करायचं तर मनातही येत नाही.

गर्दी मात्र पाहण्यासारखी. तिकोना चढून पाय भरून आलेले पुण्याचे ट्रेकर, मॅरेथॉनवाले, गुडघेदुखीच्या मावश्या आणि पोलीस भरतीच्या तयारीतली पोरं-पोरी. रांग कार्यालयाच्या दारापासून थेट रस्त्यापर्यंत, भर उन्हात. दाराशी पोचलं की एक सेवेकरी शिंप्याची टेप पोटरीला लावी आणि आकडा तिथेच कातडीवर स्केचपेनने लिही. आत गेल्यावर मोजा चढे. मग सगळ्यांनी सतरंजीवर आडवं होऊन पाय भिंतीला उभे टेकवायचे. या अवस्थेला ‘ऊर्ध्वचरण साधना’ असं नाव होतं. त्या अवस्थेत लोकांना प्रवचन ऐकवलं जाई.

“पोटरी म्हणजे काय? दुसरं हृदय!” माइकवरून महाराज विचारत आणि स्वतःच उत्तर देत. “नासावाले अंतराळात जाताना काय घालतात? मोजा! भरतानं चौदा वर्षं पूजा कशाची केली? पादुकांची! पाय, पाय आणि पाय! आता तुम्हीच हिशोब लावा!”

हिशोब कोणी लावत नसे. सगळ्यांचे पाय भिंतीला होते.

आरती झाली की मोजा उतरवून त्याच जागी पुन्हा टेप. पोटरी दोन-तीन रेघांनी बारीक! “थकव्याचं विष उतरलं!” महाराज गर्जत. मावश्या हात जोडत, ट्रेकर फोटो काढत. मग मोजा पुन्हा चढे, आणि तो धुवायचा नाही, अशी सक्त ताकीद मिळे. धुतला की सिद्धी जाते. वास येतो तो विषाचा.

आमच्याकडे दूध घालणारे हौशीरामभाऊ वलवणचेच. त्यांची धाकटी रेणुका पोलीस भरतीची तयारी करत होती. ग्राउंड, म्हणजे धावण्याची वगैरे परीक्षा, तीन आठवड्यांवर आलेलं. पोरगी रोज पहाटे धरणाच्या रस्त्यावर पळे आणि गेला महिनाभर सिद्ध मोजे घालून पळे. मी त्याच रस्त्याने फिरायला जातो. फिरायला म्हणजे डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच.

एका सकाळी पाहिलं, तर रेणुका कठड्यावर बसलेली आणि तिच्यासमोर प्रज्ञेश सर. सर घोरावाडीला राहतात, एका शाळेत पीटी शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी लोकलने येऊन भरतीच्या पोरांना फुकट पळवतात. त्यांनी तिच्या उजव्या पायातला मोजा खाली सारला आणि तिच्या नडगीवरून अंगठा फिरवत नेला. एका जागी रेणुका किंचाळली.

“इथेच?”

“हां सर. तेवढ्याच जागी.”

“मांस दुखत असेल तर दुखणं पसरलेलं असतं. हाड दुखत असेल तर असं बोट ठेवून दाखवता येतं. पळणं आजपासून बंद. तपासून घे.”

तेवढ्यात हौशीरामभाऊंचा दुधाचा टेम्पो येऊन थांबला. त्यांनी सगळं ऐकलं आणि मान हलवली.

“न्हाई सर. महाराज म्हनले, दुखतंय म्हंजी इख भायेर पडतंय. जास्त पळ म्हनले.”

“भाऊ, हाडाला चीर असेल आणि ही अशीच पळत राहिली, तर ग्राउंडवर हाड मोडेल. मग या वर्षीचं सोडाच, पुढचंही अवघड आहे.”

“आवं, पर महाराज सोता पाया पडल्यात माज्या पोरीच्या! आता डाक्टरकडं नेली, तर त्येंचा अपमान न्हाई का?”

“आबा, पाय माझा दुखतोय,” रेणुका म्हणाली.

“तू गप. तुला काय कळतंय!”

जिचा पाय तिला काय कळतं, हा मुद्दा मलाही पटण्यासारखा नव्हता. पण दूध त्यांच्याकडून येतं, म्हणून मी गप्प राहिलो. प्रज्ञेश सरही वाद घालत बसले नाहीत. एवढंच म्हणाले, “भाऊ, रविवारी मीही येतो दर्शनाला.”

“या की!” हौशीरामभाऊ एकदम खूश.

रविवारी सर, हौशीरामभाऊ, रेणुका आणि मी, असे आम्ही चौघे रांगेत. ऊन असं, की रांगेतल्या माणसांपेक्षा त्यांच्या सावल्या जास्त दमलेल्या दिसत होत्या. हौशीरामभाऊंना सरांनी फार मायेनं सांगितलं, “भाऊ, पहाटे तीनपासून उठलाय तुम्ही. चपला ठेवा रांगेत, आम्ही पुढे सरकवत जातो. तुम्ही टेम्पोत जाऊन जरा पडा.”

चपलेनं नंबर लावायची पद्धत आपल्याकडे सर्वमान्य आहे. रॉकेलच्या रांगेपासून दवाखान्यापर्यंत चपलेला माणसाचा दर्जा आहे. तेव्हा भाऊ टेम्पोत जाऊन दुधाच्या रिकाम्या कॅनवर पाय टाकून घोरू लागले आणि त्यांच्या चपला आमच्याबरोबर तास-दीड तास श्रद्धेनं पुढे सरकत राहिल्या. दार जवळ आल्यावर सरांनी त्यांना उठवलं. टेप लागली, सरांनी ती दोन्ही पोटऱ्यांना लावून घेतली. स्केचपेन फिरलं.

आत महाराज सरांच्या पायाशी बसले, तेव्हा सर म्हणाले, “महाराज, एकाच पायाला चढवा. डावा पाय जरा नास्तिक आहे.”

लोक हसले. समोर मोबाईल चालू होते, त्यामुळे महाराजही हसले. “घालू एकालाच! मग डावा रडत येईल!”

प्रवचन झालं, आरती झाली. सेवेकऱ्याने सरांचा उजवा पाय मोजला. तीन रेघा कमी. जयघोष! सर म्हणाले, “आता डावा मोजा.”

सेवेकऱ्याने महाराजांकडे पाहिलं, मग टेप लावली. तीन रेघा कमी.

दोन-चार मोबाईल महाराजांकडे वळले. महाराजांनी माइक ओठांशी धरला. “ऊर्जा संक्रमित झाली! उजव्याची डाव्यात उतरली! मोजा एक, लाभ दोन पायांना!”

टाळ्यांचा कडकडाट. मला वाटलं, संपलं. पुढच्या रविवारपासून एकेकच मोजा विकला जाणार, आणि त्याच दक्षिणेत.

“बरं,” सर म्हणाले, “आता भाऊंचा मोजा.”

हौशीरामभाऊ हात जोडूनच आडवे होते. मोजा उतरला, टेप लागली. सेवेकऱ्याने ती सोडली, पुन्हा लावली, जरा आवळून लावली.

“किती?” महाराजांनी विचारलं.

“आहे तेवढीच आहे, महाराज.”

“होतं असं,” महाराज माइकमध्ये हळहळले. “श्रद्धा कमी पडली.”

हौशीरामभाऊ ताडकन उठून बसले. “कुनाची? माजी? सकाळधरनं माज्या चपला उब्या हायती रांगंत!”

“बरोबर बोललात भाऊ,” सर म्हणाले. “चपला उभ्या होत्या. तुम्ही आडवे होता.”

सर सरळ वर्गात बोलतात तसं बोलू लागले. “उन्हात तास-दीड तास उभं राहिलं की पाण्याचा अंश पायात उतरतो, पोटरी सुजते. हे टेप लावतात ती नेमकी तेव्हा. मग पाय वर करून झोपवतात. पाणी परत वर जातं, पोटरी उतरते. माझ्या डाव्या पायाला मोजा नव्हता, तरी उतरली. भाऊ उभे राहिलेच नाहीत, पाय वर करून पडले होते, म्हणून त्यांची सुजली नाही आणि उतरलीही नाही. चमत्कार मोज्यात नाही. रांगेत आहे.”

“विज्ञान अजून तिथवर पोचलं नाही!” महाराज ओरडले.

“आवो, टेप पोचली की!” मागून एक मावशी म्हणाल्या.

हौशीरामभाऊ मात्र हे काही ऐकत नव्हते. ते रेणुकेसमोर उकिडवे बसले. तिच्या पायातला मोजा त्यांनी स्वतःच्या हातांनी खाली ओढला आणि सरांनी दाखवलेल्या जागी अंगठा ठेवला. अगदी हलकेच. रेणुकेनं ओठ चावला, पण डोळ्यांतून पाणी आलंच.

“हितं व्हय गं?”

“हां आबा.”

“आन् म्या तुला पळवीत व्हतो.” ते उठले. “चल. डाक्टरकडं.”

महाराज पुन्हा एकदा तिच्या पायाशी वाकायला पुढे झाले. भाऊ मध्ये उभे राहिले. “ऱ्हाऊ द्या महाराज. लय वाकलात.”

एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाला बारीक चीर निघाली. डॉक्टर म्हणाले, आणखी काही दिवस पळाली असती तर मोडलं असतं. दोन महिने धावणं बंद. रेणुकेनं पळायचे बूट माळ्यावर टाकले. मग निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि ग्राउंड चार महिने पुढे गेलं. हा चमत्कार स्वामींनी ताबडतोब आपल्या नावावर घेतला.

आता मोज्याविषयी, कारण त्याचा बिचाऱ्याचा काही गुन्हा नाही. लांब पळून आल्यावर प्रज्ञेश सर स्वतः असा मोजा घालतात. दमलेल्या पायांना थोडा आराम वाटतो, त्याहून मोठा दावा ते करत नाहीत. घ्यायचाच तर सकाळी, पाय सुजायच्या आत, घोट्याशी आणि पोटरीशी माप घेऊन आपल्या मापाचा घ्यावा. घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत गेलेला असावा. मुंग्या आल्या, पाय बधिर झाला, तर काढावा. मधुमेह असेल किंवा पायातलं रक्ताभिसरण मंद असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. आणि तो धुवावा, हे सांगायला लागू नये. हाडाची चीर त्यानं जुळत नाही. कोणी चमत्कार टेपने मोजून दाखवत असेल तर जरूर बघावा; फक्त टेप दोन्ही पायांना लावायला सांगावी आणि त्याआधी आपण काय करत होतो, हे आठवावं. एवढ्यासाठी नास्तिक व्हावं लागत नाही. हौशीरामभाऊ अजूनही दर सोमवारी उपास करतात.

स्वामींचा रविवार अजून चालू आहे. उन्हाची तक्रार झाली, म्हणून कार्यालयाने रांगेसाठी मांडव घातला, खुर्च्या आणि पाय ठेवायला स्टुलं दिली.

तेव्हापासून कोणाची पोटरी एक रेघही उतरलेली नाही.