राजबिशपांची दुसरी हनुवटी

हे कुणाला पटणार नाही. गुत्तेवाल्या कुनिगुंडनं तर ऐकायच्या आधीच नाक मुरडलंय. मुरडू दे.

आमचे जुने राजबिशप, म्हणजे धर्मगुरूही तेच आणि राजेही तेच, वारले. अगडबंब माणूस. गादीवर नवे आले ते वाळक्या काटकीसारखे. इस्टरच्या दिवशी त्यांची पहिली मिरवणूक, आणि गर्दीवर त्यांच्या चेहऱ्याचे नवे चांदीचे थालर उधळायचे होते. नाण्याचा ठसा कोरायचं काम टांकसाळीतल्या किलियानकडे. आयुष्यभर जुन्यांचाच चेहरा कोरलेला, हाताला तेच वळण. नव्यांनाही त्यानं दुहेरी हनुवटी देऊन टाकली. लक्षात आलं तेव्हा थालरांनी पेट्या भरल्या होत्या.

टांकसाळीचे मुख्य लिओनहार्ट नाणं डोळ्यांशी धरून म्हणाले, "बाळा, ह्यांना तर आपण पुरलं."

"वितळवू का, मालक?"

"आता? इस्टरला सहाच आठवडे, पुन्हा एवढी पाडायला वेळ कुठाय? महाराजांनी स्वतःला ओळखलं नाही, तर छिन्नी उचल आणि वाट धर."

किलियान नाणं घेऊन आपल्या आपोलोनियाकडे धावला. काम गेलं की तीही गेली. बिनकामाचा जावई तिच्या बापाला चालणार नव्हता. ती बिशपांच्या मुदपाकखान्यात स्वयंपाकीण होती. तिनं नाणं उलटसुलट पाहिलं.

"हा चेहरा बदलणार नाही?"

"पोलादात कोरलाय गं."

"मग खरा बदलू. तो मऊ आहे."

त्या दिवसापासून महाराजांच्या ताटात डुकराच्या चरबीत परतलेले पिठाचे गोळे पडू लागले. ते पुरे म्हणाले, की आपोलोनिया डोळ्यांत पाणी आणून विचारी, "आवडलं नाही का, महाराज?" बिचारे आणखी दोन घेत. किलियान रोज प्रार्थनेला खांबाआड उभा राही आणि देव सोडून हनुवटीकडे बघे. एका सकाळी गळपट्टीवर बारीकशी वळी डोकावली. त्याला रडूच फुटलं.

इस्टरला महाराजांनी नाणं हातात घेतलं, गळा चाचपला. "कोरणारा फार खरा माणूस दिसतो," ते म्हणाले. "ह्याची जागा कायम करा." लिओनहार्टना ठसका लागला. आपोलोनियाच्या बापानं तिथल्या तिथे किलियानला मिठी मारली, आणि लग्नाच्या पंगतीत स्वतः महाराज…

"थांब, म्हाताऱ्या," कुनिगुंडनं सुरई खाली ठेवली. "इस्टरच्या आधी चाळीस दिवस सगळं गाव उपवासाला असतं. माझ्या गुत्त्यात अंडंसुद्धा शिजत नाही, आणि राजबिशपाच्या घरात चरबी परतत होती?"