संग्रामला मारू नकोस

मी प्रेमकथा लिहिते. छापील नाही, ऐकायच्या. एका अ‍ॅपवर आठवड्याला दोन भाग जातात. मानधन सांगण्यासारखं नाही. पण या धंद्यात वरकमाई आहे, ती मला उशिरा कळली.

आमचे हे, उल्हास, एसीची कंत्राटं घेतात. जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या घरातून रोज गाडीने अबुधाबीला जातात. माझ्या लिखाणावर त्यांचं एकच मत: "असले पुरुष असतात कुठे?"

एका सुट्टीच्या दिवशी आम्ही भाजीला निघालो. त्यांनी गाडी सुरू केली आणि स्पीकरमधून आवाज आला, "संग्रामने मृणालसाठी डाळिंब सोलायला घेतलं..." माझाच नायक.

यांनी झटकन बटण दाबलं. "रेडिओवर हल्ली काहीही लावतात."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. आठवड्याभरात माझ्यासमोर सोललेल्या डाळिंबाची वाटी आली.

मग मी हात सैल सोडला. संग्रामने ओला टॉवेल पलंगावरून उचलला. संग्रामने स्वतःच्या आईला स्वतः फोन केला. संग्राम सकाळचा चहा करू लागला. आमच्या घरात हे सगळं दोन-चार दिवसांच्या अंतराने घडत गेलं.

"आई, इज बाबा ओके?" सान्वीने विचारलं. "ही फोल्डेड माय लाँड्री."

"इन्शाल्ला, असाच राहील," मी म्हटलं.

आणि पुण्याहून पर्णिकाचा फोन आला. ती माझी संपादक, वयाने माझ्या निम्मी. माझे हात कणकेत, म्हणून फोन स्पीकरवर.

"ताई, लोक ऐकणं सोडतायत. संग्राम रोमान्स कमी आणि घरकाम जास्त करतो. पुढच्या भागात त्याला उडवू या. हायवेवर अ‍ॅक्सिडेंट, रडारड, खलास."

बघते म्हणून मी फोन ठेवायला लावला. मागे हे उभे होते, हातात चहाचं गाळणं.

"त्याला मारू नकोस."

"कुणाला हो?"

यांनी गाळण्याकडे पाहिलं. "रेडिओवरच्या त्या माणसाला."

"पर्णिका म्हणते, तो कंटाळवाणा झालाय."

"तिचं लग्न झालंय का?"

"नाही."

"मग तिला काय कळतंय." गाळणं ओट्यावर ठेवत म्हणाले, "तो गेला तर मला कोण सांगणार, काय करायचं ते? तू तर कधी बोलत नाहीस. टॉवेल दिसला की नुसती भांडी आपटतेस."

मी कणीक तिंबत राहिले. ती केव्हाच तिंबून झाली होती.

अपघात तर द्यायलाच हवा होता. दिला. पण संग्राम वाचला, फक्त स्मृती गेली. पर्णिका खूश. "आता सगळं पहिल्यापासून, ताई!"

तो भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे ओट्यापाशी साखरेचा डबा उघडून उभे.

"तू साखर किती घेतेस गं?"

संग्रामसारखी यांचीही स्मृती गेली होती, की इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं, ते मी विचारलं नाही.

"एक चमचा," मी म्हटलं. "आणि आलं किसून. ठेचून नाही."

तेवढं मात्र पुढच्या भागात लिहिलं नाही.