ऐकताना बोलायचं नाही

मेरेन होलकॉम्ब पाच वर्षांच्या एकाच अभ्यासक्रमात दोन डॉक्टरक्या शिकत होती, मुलांच्या शरीराची आणि मनाची. सहा महिने मनोविकार विभागात काढून ती बालरोग वॉर्डात परतली, तेव्हा वॉर्डाचे प्रमुख प्रुइट सर यांनी सगळ्यांसमोर चिमटा काढलाच. "आलीस? नाडी कुठे असते आठवतंय ना? एक ना धड, भाराभर चिंध्या!"

मेरेन हसली, पण तिला ते लागलं. तिलाही मनातून तेच वाटायचं.

केंटकीच्या खाणगावातली नऊ वर्षांची लोरेटा पोटदुखीने भरती होती. बाप तिला नि आईला टाकून गेलेला, शाळेचं नाव काढलं की ती रडायची. रक्ताच्या तपासण्यांतून आणि सोनोग्राफीतून ठोस काही कळलं नव्हतं.

मुलांच्या डॉक्टरांची एक जुनी युक्ती आहे. हात लावला की मूल नुसत्या भीतीनेही ओरडतं, म्हणून 'आता फक्त ऐकते हं' म्हणत स्टेथोस्कोपनेच हळूच पोट दाबायचं. खरं दुखणं तेव्हाही ओरडतं. मेरेनने दाबलं. लोरेटा छताकडे बघत गप्प पडून राहिली.

"पाहिलंस?" खाटेपलीकडून सर म्हणाले. "शाळेची भीती. तुझ्या दुसऱ्या दुकानाचं गिऱ्हाईक. दुपारी घरी सोड."

मेरेन कागद लिहायला बसली खरी, पण दाबताना लोरेटाची पायमोज्यातली बोटं आकसलेली तिने पाहिली होती. ती परत गेली आणि खाटेशी बसली. मनाच्या वॉर्डात तिच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली होती, विचारायचं आणि मग आपण गप्प राहायचं.

"मी ऐकत होते, तेव्हा तुला काय होत होतं गं?"

 पोरीने शेजारी बसलेल्या आईकडे पाहिलं.

"दुखत होतं. खूप."

"मग बोलली का नाहीस?"

"डॉक्टर ऐकताना बोलायचं नाही."

आईने तोंडावर हात ठेवला. "मीच शिकवलंय, डॉक्टर. लहानपणी हिच्या छातीत आवाज यायचा, सारख्या तपासण्या. हूं की चूं करायचं नाही म्हणायचे मी."

मेरेन धावत सरांना घेऊन आली. त्यांनी स्टेथोस्कोप टेकवला. "दुखलं तर बोंब ठोकायची. माझी परवानगी आहे."

लोरेटाने अशी बोंब ठोकली की नर्स धावल्या. तासाभरात ऑपरेशन करून अपेंडिक्स काढलं, फुटायच्या बेतात होतं. दुपारी ती घरी गेली असती तर काय झालं असतं, या विचाराने मेरेन संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा तिची नाडी बघून येत राहिली. त्या युक्तीने पोट दाबलं होतं ते तिनेच ना! सरांनी त्या दिवशी कुणालाच चिमटा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मेरेन टाके बघायला गेली. टाके छान होते. ती निघणार, तेवढ्यात लोरेटा म्हणाली, "बाबा गेले ना, तेव्हापण मी काहीच बोलले नव्हते."

मेरेनने गळ्यातला स्टेथोस्कोप काढून खिशात घातला, खुर्ची जवळ ओढली आणि गप्प बसली.