पोचले, पण उघडले नाही

मित्रांनो, फाइल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर नाडी बांधलेला पुठ्ठा येतो. मी तसली नाही. मी एक जुनी डेटाबेस फाइल आहे. शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका संस्थेच्या संगणकात मी राहते. नावं, आकडे, तक्ते असं सगळं माझ्या पोटात नीट लावून ठेवलेलं आहे. पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये माझा जन्म झाला, ते असेल तरच मी तोंड उघडते. नसेल तर मी मुकी.

मला घडवलं महेजबीननं. २०१६चा दुष्काळी उन्हाळा होता. संस्थेनं तिला दौलताबादच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर पाठवलं. माणसं किती, जनावरं किती, टँकर कुठवर येतो, पाणी कुठं ओतावं, हे तिनं घरोघर फिरून वहीत उतरवून घेतलं आणि आठ दिवस बसून माझ्यात भरलं. वस्तीचं नाव टाकलं की मी क्षणात उत्तर द्यायची. संस्थेचे प्रमुख काकासाहेब पाहुण्यांना मला दाखवायचे आणि म्हणायचे, "आता कागद संपला!" मीही फुगले. खोटं कशाला बोलू?

माझ्यातली एक नोंद आक्काबाईची. किल्ल्यापलीकडच्या वस्तीवर तिचं घर. बेचाळीस मेंढ्या, हाच तिचा संसार. तिच्या वस्तीचा टँकर मोठ्या विहिरीत रिकामा होत असे. पण शहराकडून येणाऱ्या नव्या रस्त्यासाठी सुरुंग लागले आणि विहिरीच्या तळाला भेग पडली. ओतलेलं पाणी तासाभरात जमिनीत गडप! म्हणून महेजबीननं माझ्यात स्पष्ट लिहिलं, मोठ्या विहिरीत पाणी ओतू नये, शाळेमागच्या आडात ओतावं.

कुठला टँकर कुठं ओतायचा, हे शहरातच, उस्मानपुऱ्यातल्या एका सरकारी कार्यालयात ठरायचं. काकासाहेब महेजबीनला म्हणाले, "फाइलच पाठवून दे. छापत कशाला बसतेस?" झालं, माझी एक नक्कल तिकडं गेली. तिथले कारकून अप्पाराव यांनी मला उघडायला घेतलं, तर त्यांच्या संगणकात माझं सॉफ्टवेअरच नव्हतं. पडद्यावर नुसते चौकोन आणि वेडीवाकडी चिन्हं. अप्पारावांना निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. संगणक येत नाही म्हणून साहेब आधीच टोमणे मारायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत त्यांनी महेजबीनला उत्तर धाडलं, 'फाइल मिळाली.' आणि कपाटातून गेल्या वर्षीची कागदी यादी काढली.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून, असं तुमच्यात म्हणतात. माझं उलटं झालं. आड भरलेला होता, पोहराच नव्हता.

टँकर जुन्या यादीप्रमाणे मोठ्या विहिरीवर गेला. आक्काबाई त्याच्यासमोर उभी राहिली. "आरं, तळ फुटलाय तिचा! तिकडं आडात वत!"

ड्रायव्हर अफजल मनाचा भला, पण हुकमाला बांधलेला. "मावशी, यादी में जो लिखेला है, वहीच डालना पडता. नहीं तो कल से गाडी बंद."

वस्तीनं पळापळ करून हंडे-कळशा भरल्या. माणसं कशीबशी तगली, मेंढ्यांपर्यंत काही पाणी पुरलं नाही. आक्काबाई उस्मानपुऱ्यात जाऊन सांगून आली. "यादी तपासतो," असं तिला सांगण्यात आलं. असे तेरा टँकर जमिनीनं प्याले. सतरा मेंढ्या मेल्या. उरलेल्यांची तडफड पाहवेना, म्हणून आक्काबाईनं त्या खाटकाच्या हाती दिल्या.

मग ती औरंगपुऱ्यात आमच्या दारात आली. रडली नाही. महेजबीनला म्हणाली, "पोरी, तू माझ्या वट्यावर बसून लिवून नेलं व्हतं ना? मंग ते लिवलेलं गेलं कुठं?"

महेजबीननं घाईघाईनं मला उघडलं. "हे बघा ना आक्का, लिहिलंय मी."

"तुला दिसतंय," आक्काबाई म्हणाली. "टँकरवाल्याला नाय दिसलं."

महेजबीन तशीच उस्मानपुऱ्याला धावली. अप्पारावांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. "उघडली नाही तर सांगायचं ना!" ती ओरडली. ते पुटपुटले, "तुम्ही तरी कुठं इचारलं? मिळाली का, येवढंच इचारलं." परत येऊन तिनं माझ्यातली यादी साध्या कागदावर छापली. पाच मिनिटं लागली. तो कागद कार्यालयात पोचला, त्या दिवसापासून पाणी आडात पडू लागलं. वरातीमागून घोडं!

आक्काबाई आता शहरात असते. एका नव्या इमारतीच्या बांधकामावर पाइप धरून ती सिमेंटला पाणी मारते. तिथं पाण्याला तोटा नाही.

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझं कौतुक करण्याच्या नादातच घात झाला. काही पाठवाल तेव्हा समोरच्याकडं ते उघडायची सोय आहे का, हे आधी विचारा. नसेल तर कागद द्या, नाहीतर तोंडी सांगा. 'मिळालं का' एवढ्यावर थांबू नका, 'वाचून दाखवा' म्हणा. आणि तुम्हालाच उघडलं नाही, तर लाजेपायी गप्प बसू नका. तुम्ही लाज राखता आणि मेंढ्या दुसऱ्याच्या मरतात.