सेरोतल्या मळ्यातली रताळी

भुकेचं साल आठवून कुणी गहिवरत नाही. नेरेइदाला मात्र गहिवरून येतं. आता ती अठ्ठ्याहत्तरची आहे, गुडघे साथ देत नाहीत. तरी रोज सकाळी ती हवानाच्या सेरो वस्तीतल्या मळ्यात जाऊन वाफ्याच्या कडेला बसते. ओल्या मातीचा वास आला, की त्र्याण्णव साल जसंच्या तसं समोर उभं राहतं.

रशियाची जहाजं यायची थांबली होती आणि हवानाच्या ताटातून एकेक पदार्थ उठून गेला होता. माणसं साखरेचं पाणी पिऊन सायकलीवर कामाला जायची. पपनसाची जाड साल तळायची आणि तिलाच मटण म्हणायचं. नेरेइदा शाळेत भूगोल शिकवायची. फळ्यावर नकाशा काढताना भुकेनं रेघ वाकडी जायची आणि क्यूबा दरवेळी वेगळाच निघायचा.

गल्लीत एक इमारत कोसळून बरीच वर्षं झाली होती. त्या जागी राडारोडा आणि कचरा. नेरेइदाच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारा ओब्दुलिओ हा पिनार देल रिओकडचा, तंबाखूच्या शेतात वाढलेला म्हातारा. गल्ली त्याला 'गावंढळ' म्हणायची, नेरेइदासुद्धा. एके दिवशी तो एक फुटकं घमेलं घेऊन विटा उचलायला लागला. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला ऊन बाधलं. आठवड्यानं पंक्चरवाला एवेलिओ हातात फावडं घेऊन आला आणि मग सगळी गल्लीच आली. छपराची फुटकी कौलं रोवून वाफ्यांच्या कडा झाल्या. शहराबाहेरच्या गोठ्यातून सायकलींवर शेण आलं, तेव्हा बायकांनी नाकाला पदर लावावा तसे झग्यांचे गळे वर ओढले आणि एवेलिओला यथेच्छ शिव्या दिल्या. डॉमिनोचं टेबलही तिथंच येऊन बसलं. नेरेइदाला वाटतं, एवढं हसणं त्या गल्लीत ना आधी झालं, ना नंतर.

पहिलं पीक रताळ्यांचं. वेल पुरते तयार होईतो कुणी हात लावायचा नाही, मग घरटी वाटा, असं ठरलं.

नेरेइदाची आई हेर्मिनिया तेव्हा अंथरुणाला खिळली होती. खाण्यात कस नसल्यानं तिची नजर अंधूक झाली होती, पाय सुन्न पडले होते. ती कधी काही मागायची नाही. एका दुपारी मात्र म्हणाली, "उकडलेलं रताळं खाऊन किती दिवस झाले गं?"

त्याच दुपारी पाव आल्याची बातमी आली आणि गल्ली रेशनच्या दुकानाकडे पळाली. नेरेइदा उलट्या दिशेनं निघाली. तिनं भिंतीकडच्या वाफ्यातली माती हातांनी उकरून दोन रताळी काढली, माती दाबून सारखी केली आणि घरी खिडक्या लावून ती उकडली. आईनं एक सालीसकट खाल्लं. नेरेइदानं दुसरंही आईच्याच ताटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बोभाटा झाला. संशय एवेलिओवर गेला, कारण त्याचं दुकान त्याच भिंतीला लागून होतं. तो मान खाली घालून चाकातली हवा तपासत राहिला. नेरेइदानं खरं सांगितलं नाही. ओब्दुलिओनं वाकून वाफा पाहिला आणि उंदरांचं काम आहे म्हणून विषय मिटवला.

संध्याकाळी तो तिच्या दारात आला.

"बाई, काल भर उन्हात तुमच्या खिडक्या बंद होत्या. माती दाबून बसवायची नसते," तो हळूच म्हणाला. "मोकळी सोडायची. राहिलेली रताळी वाढतात."

नेरेइदाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानं खिशातून मळ्याला त्या दिवशीच बसवलेल्या फाटकाची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

"राखणीला कुणीतरी हवं."

"चोराच्याच हाती जामदारखान्याची किल्ली देताय?"

"भूक बघितलेलं माणूस नीट राखतं," तो म्हणाला आणि आईची चौकशी करून निघून गेला.

काढणीच्या दिवशी सगळे घमेली घेऊन जमले, तेव्हा तिनं सांगून टाकलं. चोरी आपण केली, आणि एवेलिओवर आळ आला तेव्हा तोंड उघडलं नाही, ते त्याहून वाईट केलं. तिनं आपल्या वाट्यातली चार मोठी रताळी एवेलिओपुढे धरली. त्यानं तीन घेतली.

"हे आईंना," चौथं परत करत तो म्हणाला. "आणि पुढच्या वेळी मलाही हाक मारा. एकट्यानं काय खायचं ते."

पहिल्यांदा हसला तो ओब्दुलिओच.

आई पुढं अकरा वर्षं जगली. भिंतीला धरून चालायलाही लागली. ओब्दुलिओ गेला, तेव्हा गल्लीनं त्याला मळ्यावरूनच नेलं. बाकीचे हळूहळू पांगले, कुणी स्पेनला, कुणी मायामीला. आता पुन्हा रेशनच्या रांगा लांबल्यात, आणि नव्या सुना वाफे करायला येतात. नेरेइदा त्यांना माती कशी मोकळी ठेवायची ते दाखवते.

एवेलिओ अमेरिकेत, टँपात असतो. तिथं रताळ्यांचे ढीग मिळतात म्हणे. तरी दर रविवारी त्याचा फोन येतो. स्वतःच्या तब्येतीचं तो काही सांगत नाही, पहिलं विचारतो, "बाई, भिंतीकडच्या वाफ्यात यंदा काय लावलंय?"

ती फोन कानाशी धरून भिंतीपर्यंत चालत जाते आणि नीट बघून सांगते.