डोहावरची हाक

दिवेलागणीला मला आता कोणी हाक मारत नाही. काम असलं तर बायको जवळ येऊन खांद्याला हात लावते. तिने कारण विचारलेलं नाही, मीही सांगितलेलं नाही. पण कुठेतरी सांगायला हवंच.

कापडे गावाच्या पुढे, आमच्या वाडीखाली नदीला डोह आहे. त्याच्या काठची जमीन मालोजीकाकांची. गेल्या वर्षी त्यांनी ती मुंबईच्या एका शेठला विकली. कागद करताना वकिलाने विचारलं होतं, की नदीला जायची वाट आहे का, असेल तर लिहून घेऊ. काका हसले. म्हणाले, "वाट कोन लिवून ठेवतो? ती हायच की." साक्षीदार म्हणून मी शेजारीच बसलो होतो. मीही हसलो, तोंड वर करून.

शेठने तारेचं कुंपण घातलं, गेस्टसाठी खोल्या बांधल्या, लोखंडी गेट बसवलं, डंपरने वाळू आणून काठावर पसरली आणि वर पाटी लावली: 'प्रायव्हेट बीच. परवानगीशिवाय प्रवेश नाही.' समुद्र कुठे, आम्ही कुठे, आणि आमच्या नदीला बीच! वाडीची धुणी, गुरं, गणपती, सगळं एका पाटीने बाहेर पडलं. आणि गेटवर वॉचमन कोण, तर मीच. मुंबईची नोकरी सुटली होती, घरी बसून खायची लाज वाटत होती. आपल्याच माणसांना अडवायची लाज त्या मानाने लवकर गेली.

चंपाकाकी म्हणजे मालोजीकाकांची विधवा वहिनी. तिचा एकुलता एक मुलगा सुशांत, माझ्याच वर्गातला, एकवीस सालच्या पुरात याच डोहात गेला. प्रेत मिळालं नाही. प्रेत नाही म्हटल्यावर आईच्या जिवाला कोण समजावणार? दरवर्षी तो गेला त्या तिथीला, आषाढ शुद्ध त्रयोदशीला, ती केळीच्या पानावर भात घेऊन काठावर जायची आणि त्याला जेवायला हाक मारायची.

यंदाही आली. दुपार कलली होती. तीन दिवसांनी पावसाने उघडीप दिली होती, म्हणून गेस्ट खुर्च्या टाकून पाण्याशी बसले होते.

"प्रवीण, गेट उघड रे. तीन हाका मारते आनि येते."

"काकी, गेस्ट हायत आत. शेठनी सांगितलंय, कोनाला सोडू नको. उद्या या."

"उद्या तिथी नाय रे."

"मंग एकच हाक मारा हितनं, गेटवरनं."

"एका हाकेनं कसा येल तो? एक हाक भुताची असते. तीनदा मारली की त्याला कळतं, जितं मानूस बोलावतंय."

किल्ली माझ्या खिशात होती. मी खिशात हात घातला, किल्ली चाचपली आणि हात तसाच रिकामा बाहेर काढला. काकीने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने भाताचं पान पदराखाली घेतलं आणि वळली. खरं सांगतो, सुटलो असंच मला वाटलं.

दिवेलागणीला गेस्ट खोल्यांत गेले. मी गेटपाशी स्टुलावर बसलो होतो. डोहाच्या बाजूने, पाण्याच्या आवाजात कुणाची ते कळेना अशी हाक आली.

"प्रवीऽऽण!"

मी ताडकन उठलो. ओ अगदी ओठांवर आली होती, ती गिळली. आमच्याकडे पोराला बोलता यायला लागलं की पहिलं हेच शिकवतात, तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ देऊ नये, तिसरीपर्यंत थांबावं. भुताला तीनदा हाक मारता येत नाही. आणि त्या पाण्यातून, त्याच तिथीला, मला नावाने हाक मारणारा कोण, तर सुशांत! मी हात जोडले. "बाबा, मी गरीब मानूस, नोकरी करतो," असं पुटपुटलो. दुसरी हाक ऐकायला कान टवकारून बसलो. ती आली नाही. पाण्याचा आवाज तेवढा येत राहिला. मी मनाशी म्हटलं, वाचलो.

सकाळी खालच्या वळणावर काकी सापडली. कुंपणाबाहेरून, वरच्या अंगाच्या खडकांवरून ती उतरली होती. खडकावर शेवाळ होतं. भाताचं पान वरच्या दगडावर नीट ठेवलेलं होतं, त्याला धक्काही लागला नव्हता.

मला कोणी काही बोललं नाही. पोलीस येऊन गेले, शेठ येऊन गेला. घाबरला असावा. त्याने कुंपण चार फूट मागे घेऊन नदीला वाट सोडली. मेलेल्या बाईला मिळाली ती वाट. दहाव्याला सगळी वाडी तिथूनच उतरली.

विधी आटोपून माणसं वर गेली. मालोजीकाका मागे राहिले, मीही राहिलो. मी त्यांचे पाय धरले.

"काका, काकीनं मला हाक मारली होती. मी ऐकली. एकदाच मारली, म्हनून मी ओ नाय दिली."

काकांनी पाय ओढून घेतले नाहीत. ते खाली बसले, माझ्याच शेजारी, ओल्या वाळूत.

"मी वरच्या खाचरात, तुझ्या गेटपासनं लांब, बांध घालत होतो," ते म्हणाले. "मला 'भावजी' म्हनून मारली. एकदाच. मी बी थांबलो."

आम्ही एकमेकांकडे बघू शकलो नाही. बुडत्या बाईला दोन हाकांपुरता दम होता, आणि त्या तिने आम्हा दोघांना एकेक मारल्या.